मोठ्या मॅडमची क्रियापदं

मोठ्या मॅडमना वर्तमानपत्र वाचायला पाऊण तास लागायचा, कारण त्या बातम्या वाचत नसत, क्रियापदं वाचत. स्टाफरूममधली खिडकीजवळची खुर्ची त्यांची. हातात लाल पेन. ‘प्रतिपादन केले’ दिसलं की त्याभोवती गोल. ‘सूतोवाच केले’ दिसलं की गोल. ‘स्पष्ट केले’ असेल तर खाली दोन रेघा, आणि मग समोर जो बसला असेल त्याच्यापुढे पेपर सरकवायचा.

“हे वाचा. यांनी स्पष्ट केलं म्हणे. तुम्हाला झालं का स्पष्ट?”

समोर बहुतेक वेळा मीच असायचे.

“शिलाई मशीन वाटपात कोणी प्रतिपादन करतं का हो?” त्या म्हणायच्या. “माणूस तिथे बोलतो. घाम पुसतो आणि बोलतो. बातमीदारानं त्याला उगीच शाल पांघरली.”

आर्वीच्या कॉलेजात मराठी विभागात आम्ही दोघी बावीस वर्षं एकत्र होतो. त्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, आणि नोकरीत फक्त आठ महिन्यांनी. एवढ्यावर त्या मोठ्या मॅडम झाल्या आणि मी लहान मॅडम. पन्नाशी उलटली तरी मी लहानच. “लहान मॅडम, मोठ्या मॅडम कुठे आहेत?” हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा माझं नावही ऐकलं नसेल. पीएच.डी. माझी आधी झाली. परीक्षा, गॅदरिंग, मूल्यांकनाच्या फायली, सगळं मी ओढलं. पोरं मात्र त्यांच्या टेबलाभोवती. आर्वी डेपोतले कंडक्टर त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरत. त्या गावात गेल्या की बाया त्यांच्या पिशवीत वांगी, अंबाडीची भाजी, तुरीच्या शेंगा कोंबत. मी गेले की मला प्लास्टिकची खुर्ची आणि चहा.

मला त्यांचा हेवा वाटायचा. अजून वाटतो. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना कोण बोलतंय ते लक्षात राहील.

त्यांच्या खोडीचा त्रास सगळ्यांना होता. एका शुक्रवारी बातमी पसरली की प्राचार्यांनी शनिवारची सुट्टी दिली. सगळे खूश. मोठ्या मॅडम शिपायाकडे गेल्या.

“सर काय म्हणाले? सुट्टी आहे म्हणाले?”

“हो ना मॅडम.”

“आहे म्हणाले, का देऊ म्हणाले, का द्यावी लागते का पाहतो म्हणाले?”

शिपाई वैतागला. “पाह्यतो म्हने बाप्पा. पन त्यायचं पाह्यतो म्हंजे देतोच राह्यते.”

शनिवारी मोठ्या मॅडम एकट्या आल्या. सुट्टी नव्हती. त्यांनी सहा विद्यार्थ्यांना घेऊन तास घेतला आणि आम्हा बाकीच्या सगळ्यांची रजा लागली. माझीसुद्धा. सोमवारी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

एम.ए.च्या पोरांना शेवटच्या वर्षी छोटा प्रबंध लिहावा लागतो. त्यात दर पानावर कोणी ना कोणी ‘म्हणतात’. मी त्यावर व्यवहारी उपाय काढला होता. वीस क्रियापदांची यादी करून तिच्या झेरॉक्स वाटल्या: सांगतात, मांडतात, नोंदवतात, प्रतिपादतात, ठणकावतात, वगैरे. एकच शब्द सारखा नको, आलटूनपालटून वापरा, वाचणाऱ्याला कंटाळा येत नाही. यादी लोकप्रिय झाली, शेजारच्या कॉलेजातही गेली. मग एका मुलीनं एका अतिशय मवाळ, दहा वेळा ‘कदाचित’ लिहिणाऱ्या अभ्यासकाबद्दल लिहिलं, ‘असे ते ठणकावतात.’

मोठ्या मॅडमनी तिला जवळ बसवलं. “या माणसानं आयुष्यात बायकोलासुद्धा ठणकावलं नसेल. तो काय करतोय इथे? वाच बरं.”

मुलीनं वाचलं. “घाबरत घाबरत सुचवतोय मॅडम.”

“मग सुचवू दे की. घाबरत घाबरत.” आणि मग त्या म्हणाल्या, “वाक्य त्याचं असतं, क्रियापद तुझं. तो कसा बोलला हे तू ठरवतेस. बेइमानी करायची तर तिथे करता येते, आणि कोणाला दिसतही नाही.”

यादी कोणाची हे त्यांना माहीत होतं. मी तीन हात अंतरावर पेपर तपासत होते. पुढच्या वर्षी मी ती वाटली नाही, पण कारण झेरॉक्स मशीन बंद आहे असं सांगितलं.

आता विहिरींचं सांगते.

कॉलेजनं तालुक्यातल्या जुन्या विहिरींवर एक पुस्तक काढायचं ठरवलं. गावोगाव म्हाताऱ्या माणसांना भेटायचं, विहीर कोणी खोदली, पाणी कोण भरायचं, ते लिहून घ्यायचं. संपादक मी. मी स्कूटी काढली, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं आणि दीड महिन्यात एकतीस माणसं उरकली. मोठ्या मॅडमनी त्या काळात तीन केली. एसटीनं जायच्या, एसटीनं यायच्या, आणि ज्याच्याकडे एकदा गेल्या त्याच्याकडे पुन्हा जायच्या. लिहिलेलं वाक्य त्या माणसाला वाचून दाखवायचं आणि विचारायचं, ‘याच्यापुढे काय लिहू? तुम्ही म्हणता, का सांगता, का ऐकलं होतं म्हणता?’ माणूस ठरवेल ते क्रियापद. तो म्हणाला पुन्हा या, तर पुन्हा.

आष्टीकडच्या जंगलकडेच्या गावातल्या एका गोंड आजोबांकडे त्या गेल्या तेव्हा मी बरोबर होते. विहिरीच्या आधी गावाजवळ झरा होता, असं आजोबांनी आदल्या वेळी सांगितलं होतं. पुरावा नाही म्हणून मी सुचवलं होतं की ‘दावा करतात’ लिहा.

मॅडमनी वाचून दाखवलं. आजोबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“दावा? मी काय कोर्टात उभा हाओ का?”

“मग काय लिहू बाबा?”

आजोबा उठले, काठी घेतली आणि चालायला लागले. आम्ही मागे. पाऊण किलोमीटरवर एका खडकापाशी थांबून त्यांनी काठीनं पालापाचोळा सारला. खाली दगड ओला होता.

“दाखवतो म्हणून लिहा,” ते म्हणाले.

पुस्तकात तसंच आहे. ‘झरा येथे होता, असे ते दाखवतात.’ त्या वाक्यावर पोरं अजून खूश आहेत. त्या दिवशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, आणि परतीच्या गाडीत मी एवढंच बोलले की या वेगानं पुस्तक व्हायला दहा वर्षं लागतील.

माझं माहेर रोहण्याच्या पलीकडे, फाट्यावरून आत. आमच्या वावरात माझ्या आजोबांनी खोदलेली विहीर आहे. ती त्यांनी सगळ्या जातींना खुली केली होती, त्या काळात. हे मी लहानपणापासून ऐकत आले. शाळेत भाषणात सांगितलं. नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं. गावाची माहिती कोणाकडून घ्यायची हा प्रश्नच नव्हता, ती माझ्याकडेच होती. मी ते पान कोणालाही न विचारता लिहून टाकलं.

मोठ्या मॅडमनी कच्च्या मजकुरावर पेन्सिलीनं लिहिलं: ‘असे कोण म्हणतात?’

मी म्हटलं, “माझ्या घरातलं आहे. सगळ्यांना माहीत आहे.”

“घरात कोणी पाहिलेलं आहे?”

“आई आहे. ती सून म्हणून आली तेव्हा आजोबा होते.”

“मग मी त्यांना विचारून येते,” त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. माझी आई बोलणारी बाई नाही. अठ्ठ्याहत्तर वय, दिवसभर काहीतरी निवडत, पाखडत बसायची, आणि मी गेले की “आली का? जेवतं का?” यापलीकडे संभाषण जात नसे. जा म्हटलं, चहा मिळेल.

त्या चार वेळा गेल्या. हे मला नंतर कळलं. महिनाभरानं त्यांनी माझ्या टेबलावर पान ठेवलं. तीन वाक्यं होती, त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात.

‘विहीर सर्वांसाठी खुली केली होती, असे घरातले लोक म्हणतात. प्रत्यक्षात पाणी आपणच वरून ओतत होतो, आणि शेवंताबाईंचा हात लागला म्हणून त्यांच्या देखत दोर कापून नवा लावला, असे घरातल्या सूनबाई कबूल करतात. बादलीही फेकून दिली होती, असे शेवंताबाई सांगतात.’

शेवंताबाई आमच्या गावच्याच, वस्तीतल्या, आईच्या वयाच्या. मी त्यांना शेंगा तोडायला आलेलं पाहिलं होतं. कधी बोलले नव्हते.

मी पान उलटं करून ठेवलं. “हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“लिहिलंय की. दोघींनी.”

“माझी आई असं बोलली? तुमच्याशी?”

“तिसऱ्या खेपेला. मी विचारलं, खुली होती हे तुम्ही पाहिलं का?  मग सगळं बोलल्या.”

“आणि ‘कबूल करतात’? माझी आई काय आरोपी आहे?”

“मी ‘सांगतात’ लिहून नेलं होतं,” मोठ्या मॅडम म्हणाल्या. “त्यांनी बदलायला लावलं. म्हणाल्या, सांगते कायले लिहिता? सांगतात ते दुसऱ्याचं. हे माहं आहे.”

“शेवंताबाईंकडे कशाला गेलात?”

“त्यांचं नाव आलं म्हणून. त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, दोर बराबर आहे, बादली राह्यली. मी विचारलं, तक्रार करतात असं लिहू का? तर म्हणाल्या, तक्रार कायची आता, सांगते म्हणून लिहा.”

एवढं बोलून त्या तासाला गेल्या. मी तिथेच बसले. दोर कापला याचं मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त वेळ मी दुसऱ्याच गोष्टीचा हिशोब लावत होते. तिसऱ्या भेटीतल्या परक्या बाईला माझ्या आईनं एवढं सांगितलं, आणि मी तिच्या पोटची मुलगी.

पुस्तक छापायला गेलं तेव्हा शेवटचं वाचन संपादक म्हणून माझ्याकडे होतं. प्रेसमध्ये पंख्याखाली बसून मी ते पान काढलं आणि बदललं. ‘विहीर सर्वांसाठी खुली होती. सुरुवातीच्या काळातील काही अडचणींची आठवण घरातील सूनबाई सांगतात.’ शेवंताबाईंचं वाक्य जागेअभावी काढलं. तीन मिनिटं लागली.

घराची लाज होतीच. पण लाज एकटीच असती तर मी आधी आईला फोन केला असता. ती वाक्यं दुसरीच्या अक्षरात आली होती, हे मला सहन झालं नाही.

प्रकाशन झालं, नारळ फुटला, भाषणं झाली. मोठ्या मॅडमनी दुसऱ्या रांगेत बसून पुस्तक उघडलं. त्या कोणतं पान आधी काढणार ते मला माहीत होतं. त्यांनी ते वाचलं, पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसल्या. टाळ्याही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी त्या ग्रंथालयात गेल्या. पुस्तकाच्या तीनशे प्रती तिथे होत्या. कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून त्यांनी प्रत्येक पट्टीवर ती तीन वाक्यं हातानं लिहायला घेतली आणि डिंकानं माझ्या ओळींवर चिकटवायला घेतली. झेरॉक्स काढू का, असं ग्रंथपालांनी विचारलं, तर म्हणाल्या, नको, हातानं बिघडलंय, हातानं दुरुस्त करू. दुपारपर्यंत सात-आठ मुली त्यांच्याभोवती डिंक घेऊन बसल्या. एकीनं विचारलं, “मॅडम, चूक कोणाची हो?”

“पुस्तकाची,” त्या म्हणाल्या.

प्राचार्यांनी मला बोलावून हा काय प्रकार आहे ते विचारलं. मी म्हटलं, “मुद्रणदोष आहे सर. किरकोळ.” मोठ्या मॅडम दारात उभ्या होत्या, डिंकाची आणखी बाटली मागायला आलेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मुद्रणदोष म्हणता?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“बरं.” आणि बाटली घेऊन त्या गेल्या.

हे काम सहा दिवस चाललं. त्यांनी वर तक्रार केली असती, स्टाफरूममध्ये भांडल्या असत्या, तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. त्यांनी मागितली नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी मी माहेरी गेले. आई अंगणात तुरी निवडत होती. बाजूला पुस्तक. मोठ्या मॅडम आदल्याच दिवशी येऊन देऊन गेल्या होत्या, एक आईला, एक शेवंताबाईंना. आईला अक्षर लावून लावून वाचता येत होतं. तिनं ते पान माझ्यापुढे धरलं. पट्टी तिनं नखानं अर्धी उकलली होती.

“हे खालचं कोनं लिहिलं?”

“मॅडमले इचारलं नाई का?”

“इचारलं. म्हने मी लिहितानी पाह्यलं नाई, मंग कसं सांगू.”

आता मी तिथेही मुद्रणदोष म्हणू शकत होते. आईला तो शब्द कळला नसता.

“म्या लिहिलं,” मी म्हटलं.

“काऊन?”

“आजोबाचं नाव खराब होते म्हणून.”

“दोर त्यायनं नाई कापला. म्या कापला. त्यायचं नाव कायले खराब होते?” ती पुन्हा तुरी निवडायला लागली. “शेवंताचं तर तू पार पुसूनच टाकलं.”

 मी जे विचारायला आले होते तेच विचारलं.

“मले काऊन नाई सांगतलं कधी?”

आईनं वर पाहिलं. रागावली नव्हती. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

“तुले काय सांगू माय? तू तं लहानपनापासून सांगूनच राह्यली. आजोबाची विहीर, आजोबाची विहीर. भाषनात सांगतं, पावन्याले सांगतं. तुले सगळं माहीतच होतं. ते मॅडम आली, तिले काईच माहीत नोतं. पायरीवर बसली, माह्या संगं तुरी निवडल्या. मंग सांगतलं.”

“आता सांग.”

“आता?”

“हो. मी लिहून घेते.”

मी पर्समधून वही काढली. मोबाईल काढला नाही. आईनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि सुरुवात केली. दोर अंबाडीचा होता, ती म्हणाली. तिनं स्वतः वळला होता. शेवंता तेव्हा पोटुशी होती, ऊन होतं, आणि आईला यायला उशीर झाला म्हणून शेवंतानं... इथे ती थांबली. मी वाट पाहिली. तिनं पुन्हा दोरापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच थांबली.

“नाई येत,” ती म्हणाली. “मॅडमले सांगतलं तवा सगळं आलतं, शेवंता काय बोलली, मी काय बोलली. आता तसं नाई येऊन राह्यलं.” मग समजूत घालावी तसं म्हणाली, “तिच्या वहीत लिहेल आहे बाई. तिच्यापासून आयकून घेजो.”

आई मागच्या हिवाळ्यात गेली. मोठ्या मॅडम त्याआधीच निवृत्त होऊन आष्टीला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. तेरवीला आल्या, शेवंताबाईंशेजारी पंगतीला बसल्या, आणि निघताना मला म्हणाल्या, “वही जपून ठेवली आहे. त्यांचे शब्द जसेच्या तसे आहेत. केव्हाही या.”

माझ्या वहीत एक ओळ आहे: दोर अंबाडीचा होता, असं आई सांगते. बाकीची आई आष्टीला आहे. आर्वीहून तासाभराचा रस्ता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी डेपोत गेले, आष्टीच्या गाडीत बसले. कंडक्टर ओळखीचा निघाला. “मोठ्या मॅडमकडे चालल्या का?” त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं आणि गाडी सुटायच्या आत उतरले.